विश्लेषण : तंबोऱ्यातला गंधार संगणकाला कोण शिकवणार? ध्वनी आणि संगीतातील पदव्युत्तर शिक्षणाच्या वाटा कोणत्या?

पदवी झाल्यावर ‘संगीतातच पुढे शिकायचे आहे’ असे एखाद्या मुलाने वा मुलीने घरी सांगितले, की बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर दोनच पर्याय येतात. एक, संगीतात एमए करून शिकवण्याची नोकरी. दुसरा, एखाद्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण शिकून चित्रपट-मालिकांच्या क्षेत्रात शिरणे.

या दोहोंच्या मधोमध गेल्या ५० वर्षांत तिसरे क्षेत्र उभे राहिले आहे. फोनवर गाणे ओळखणारे अॅप, चुकलेला सूर सरळ करणारी प्रणाली, आवडीनुसार पुढचे गाणे सुचवणारी सेवा आणि आता एआयने तयार केलेली गाणी ही सारी त्याचीच अपत्ये. मात्र या क्षेत्रात रागसंगीत जाणणारी माणसे कमी आहेत. त्याचा परिणाम काय होतो आणि ध्वनी-संगीताच्या उच्च शिक्षणाचे पर्याय कोणते, याचा हा आढावा.

पदव्युत्तर पातळीवर नेमके काय शिकवले जाते?

ढोबळमानाने चार शाखा दिसतात. पहिली सादरीकरण आणि संगीतशास्त्राची : गायन, वादन, रागांचा अभ्यास, संगीताचा इतिहास आणि समाजाशी असलेले नाते. दुसरी चित्रपट आणि माध्यमांच्या ध्वनीची : चित्रीकरणस्थळी संवाद टिपणे, पावलांचे-दारांचे आवाज नव्याने निर्माण करणे, सर्व आवाजांचे मिश्रण करणे. तिसरी ध्वनिशास्त्राची : सभागृहात आवाज कसा पसरतो, वाद्य कसे बोलते, गोंगाट कसा रोखायचा. चौथी ‘साउंड अँड म्युझिक कम्प्युटिंग’ची, म्हणजे ध्वनी आणि संगीत यांचा संगणकाच्या मदतीने अभ्यास.

या चार शाखांचे शिक्षक, प्रवेशाच्या अटी आणि नोकऱ्या वेगवेगळ्या आहेत. अभ्यासक्रमाच्या नावात ‘म्युझिक’ किंवा ‘साउंड’ आहे म्हणून प्रवेश घेतला आणि आत गेल्यावर भलतेच शिकावे लागले, असे होऊ नये यासाठी आधी शाखा ठरवणे महत्त्वाचे.

राज्यात एमए (संगीत) कुठे करता येते?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (गुरुकुल), मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, एसएनडीटी महिला विद्यापीठ, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग या राज्यातील ठळक जागा. ललित कला केंद्राच्या नावातच ‘गुरुकुल’ आहे. विद्यापीठाच्या चौकटीत राहून गुरूसमोर बसून शिकण्याची पद्धत टिकवण्याचा तो प्रयत्न आहे.

याला समांतर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंतची ही शिडी मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, त्या परंपरेतून हे मंडळ आले. मात्र विशारद वा अलंकार या परीक्षा विद्यापीठीय पदवीच्या तोडीच्या मानायच्या की नाहीत, हे प्रवेश किंवा नोकरी देणारी संस्था ठरवते. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी लेखी खातरजमा करणे शहाणपणाचे.

एमए करणाऱ्यांपैकी अनेकांचे उद्दिष्ट अध्यापन असते. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी यूजीसीची नेट किंवा राज्याची सेट परीक्षा लागते, आणि नेटमध्ये संगीत हा स्वतंत्र विषय आहे. परंतु कायमस्वरूपी पदे कमी आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुका अधिक, हे वास्तव इतर विषयांप्रमाणे इथेही आहे. एमएने मैफली मिळत नाहीत. त्या रियाजाने आणि श्रोत्यांनी मिळतात. पदवीचा खरा उपयोग गाण्याविषयी शिस्तीने विचार करायला, लिहायला आणि शिकवायला होतो.

चित्रपटाचा ध्वनी कुठे शिकवतात?

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, जिथे एकेकाळी प्रभात स्टुडिओ होता, तिथे १९६० मध्ये स्थापन झालेली एफटीआयआय ही देशातील जुन्या चित्रपटशिक्षण संस्थांपैकी एक. तेथील ‘साउंड रेकॉर्डिंग अँड साउंड डिझाइन’ हा अभ्यासक्रम पदवीनंतरचा, तीन वर्षांचा राहिला आहे. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्येही ही शाखा आहे. २०२५ मध्ये या दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे मिळणाऱ्या पदवीचे नाव आणि प्रवेशाची पद्धत यासाठी चालू वर्षाचे माहितीपत्रकच पाहावे. ध्वनी शाखेला बारावीत भौतिकशास्त्र असल्याची अट आजवर लावली गेली आहे. कला शाखेतून आलेल्यांनी ती आधी तपासावी. जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी, हेही ध्यानात घ्यावे.

‘स्लमडॉग मिलेनियर’साठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रेसूल पूकुट्टी हे एफटीआयआयचेच विद्यार्थी. त्या पुरस्कारानंतर ‘ध्वनी हीसुद्धा कला आहे’ ही जाणीव सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. त्याआधी २००१ मध्ये ‘लगान’चे संवाद चित्रीकरणाच्या वेळीच टिपले गेले होते. नंतर स्टुडिओत बसून संवाद भरण्याची हिंदी चित्रपटांची जुनी सवय त्यानंतर हळूहळू सुटत गेली आणि प्रशिक्षित ध्वनिमुद्रकांची गरज वाढली.

संगीत आणि संगणकाची गाठ कधी पडली?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतकार जॉन चाउनिंग १९६७ मध्ये संगणकावर आवाजाचे प्रयोग करत होते. एका आवाजाची कंपने दुसऱ्या आवाजाने वेगाने हलवली तर तिसराच, भरदार आवाज तयार होतो, असे त्यांच्या कानांना जाणवले. हेच ‘एफएम सिंथेसिस’. विद्यापीठाने त्याचे हक्क जपानच्या यामाहा कंपनीला दिले आणि १९८३ मध्ये ‘डीएक्स ७’ हा कीबोर्ड बाजारात आला. ऐंशीच्या दशकातील जगभरच्या लोकप्रिय संगीतात त्याचे आवाज भरून आहेत.

चाउनिंग अभियंता नव्हते, ते संगीतरचनाकार होते. सूत्रे गणिताची असली तरी ‘हा आवाज कामाचा आहे’ हा निवाडा त्यांच्या कानांनी केला. पुढे १९७५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ‘कर्मा’ या नावाने ओळखले जाणारे संगीत-संगणक केंद्र सुरू झाले. १९७७ मध्ये पॅरिसला संगीतकार पिएर बूलेझ यांच्या पुढाकाराने ‘इरकाम’ ही संस्था उघडली. संगीतकार आणि वैज्ञानिकांनी एकाच छताखाली काम करायचे, ही दोन्हीकडची मूळ कल्पना.

उलट दिशेनेही माणसे आली. १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचे विश्लेषण करत. जमिनीखालचे थर शोधणारे गणित गायकाचा सूर शोधायला उपयोगी पडले.

परदेशात कोणते अभ्यासक्रम आहेत?

बार्सिलोनातील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाचा ‘साउंड अँड म्युझिक कम्प्युटिंग’ हा इंग्रजीतून शिकवला जाणारा एका वर्षाचा अभ्यासक्रम या क्षेत्रात नावाजलेला आहे. तेथील ‘म्युझिक टेक्नॉलॉजी ग्रुप’ झाविएर सेर्रा यांनी १९९४ मध्ये सुरू केला. यामाहाची गाणाऱ्या संगणकाची ‘व्होकलॉइड’ प्रणाली या गटाच्या संशोधनातून आली. जगभरातल्या लोकांनी टिपलेले आवाज मोफत उपलब्ध करून देणारा ‘फ्रीसाउंड’ हा संग्रहही २००५ मध्ये इथेच सुरू झाला.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातही याच नावाचा एमएस्सी अभ्यासक्रम आहे. पॅरिसमध्ये इरकामशी जोडलेला ‘आतियाम’ हा अभ्यासक्रम गणित आणि ध्वनिशास्त्रात पक्के असलेल्यांसाठी आहे, पण तो फ्रेंचमधून चालतो. स्टॅनफर्डमध्ये ‘म्युझिक, सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या नावाने एमए करता येते. अमेरिकेतील जॉर्जिया टेकमध्येही संगीत तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ध्वनिमुद्रणाचीच आवड असेल तर कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातील साउंड रेकॉर्डिंगचा अभ्यासक्रम प्रसिद्ध आहे. त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्याची भक्कम तयारी लागते.

या अभ्यासक्रमांत साधारणपणे ध्वनिसंकेतांचे गणित, यंत्रशिक्षण, श्रवणाचे मानसशास्त्र आणि शेवटी एक प्रबंध असतो. ‘मास्टर्स’ केले की गाणे सुधारेल, अशी अपेक्षा ठेवून गेलेल्यांची मात्र निराशा होते.

यंत्राला आपला सूर कळण्यात अडचण काय?

आवाज साठवताना संगणक त्याचे तुकडे करतो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात एका सेकंदाची ४४,१०० मोजमापे असतात. त्यावर गणिती प्रक्रिया करून कोणत्या क्षणी कोणती कंपने होती, हे काढले जाते. मुख्य कंपनांचा आलेख काढला की गाण्याची स्वररेषा पडद्यावर दिसते. इथवर सारे सोपे. खरी अडचण त्या रेषेचा अर्थ लावताना येते.

पियानोवर आधारलेल्या पद्धतीत स्वरांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. एका सप्तकाचे १,२०० समान भाग केले, ज्यांना ‘सेंट’ म्हणतात, तर शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये बरोबर १०० सेंटचे अंतर पडते. आपल्याकडे गायक स्वतःचा षड्ज स्वतः ठरवतो. कुणाची पट्टी काळी एक, कुणाची काळी चार, कुणाची पांढरी पाच. त्यामुळे एखादी कंपनसंख्या हाती आली म्हणून ती षड्ज की पंचम, हे सांगता येत नाही. यंत्राला आधी त्या मैफलीचा ‘सा’ शोधावा लागतो. सुदैवाने मागे तंबोरा अखंड वाजत असतो. श्रोत्याला आधार देणारा हा नाद संगणकालाही आधार देतो.

‘सा’ सापडला तरी पुढचा पेच उरतोच. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधाराला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. गणिताने तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर येतो. पियानो किंवा हार्मोनियमचा गंधार असतो ४०० सेंटवर. म्हणजे तंबोऱ्याशी तंतोतंत मिळालेला गंधार पियानोच्या फूटपट्टीने मोजला तर तो १४ सेंटने उतरलेला ठरतो. दरबारीचा आंदोलित गंधार तर एका जागी थांबतच नाही. तो ‘अस्थिर’ आहे असे म्हणून यंत्र त्याला सरळ करू पाहील आणि त्या स्वराचा प्राणच जाईल. मींड ही दोन स्वरांमधली सलग वाट. तिच्या पायऱ्या केल्या की ती मींड राहत नाही.

आता रागाकडे पाहू. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर लागतात. कोणते स्वर आले एवढेच मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही राग सारखेच दिसतील. भूपात गंधाराला महत्त्व आहे, देशकारात धैवताला. एकाचा विस्तार पूर्वांगात फुलतो, दुसऱ्याचा उत्तरांगात. कोणता स्वर किती वेळ धरला, कोणत्या स्वरसमूहातून वाट काढली, कुठे न्यास केला, हे सारे यंत्राला शिकवावे लागते. यासाठी लागणारी माहिती पुस्तकातल्या आरोह-अवरोहात पुरेशी सापडत नाही. ती तालमीत बसलेल्या माणसाच्या कानात असते.

सूर मोजण्याचा खटाटोप नवा आहे का?

मुळीच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण महाराष्ट्रात हाच वाद रंगला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या जागा आकड्यांत बसवण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी त्यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर तपासले. १९१० मध्ये त्यांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हे ब्रिटिश अधिकारी त्यांच्या साथीला होते. या मंडळींनी बावीस श्रुती वाजवू शकेल अशी हार्मोनियम बनवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याला झालेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर खल झाला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना ही मांडणी मान्य नव्हती.

त्या वादात कोण बरोबर होते, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना गाणे कळत होते. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. त्यामागेही ठरलेल्या पट्ट्यांवर आपला सूर बसत नाही, हाच आक्षेप होता.

विज्ञानाच्या बाजूनेही पूर्वसुरी आहेत. साधारणपणे चामडे ताणलेल्या वाद्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोल ‘सुरात’ वाजत नाही. मग तबला आणि मृदंग सुरात का बोलतात? सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मधील टिपणात याचा उलगडा केला. चामड्यावरच्या शाईच्या भारामुळे उपस्वर जुळून येतात. ज्या अनाम कारागिरांनी शाईचे थर घोटून घोटून हे साधले, त्यांनी ते समीकरणाशिवाय, कानाने साधले होते.

भारतीय संगीतावर असे संशोधन कुठे होते?

या दिशेने मोठे पाऊल पडले ते बार्सिलोनात. २०११ ते २०१७ या काळात युरोपीय संशोधन परिषदेच्या निधीतून सेर्रा यांच्या नेतृत्वाखाली ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालला. संगीताची संगणकीय साधने पाश्चात्त्य संगीत गृहीत धरून बनतात, ही त्यांची मुख्य तक्रार होती. म्हणून त्यांनी हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदालुसी आणि चिनी जिंगजू ऑपेरा या पाच परंपरा निवडल्या आणि त्या त्या परंपरेच्या संकल्पना घेऊनच साधने बनवली. त्यांच्या संकेतस्थळाचे नावही ‘दुनिया’ असे होते.

या प्रकल्पात आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रास सहभागी होत्या. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागातील प्रा. प्रीती राव यांच्या गटाने गायनातील स्वररेषा काढणे, रागाची स्वरवाक्ये शोधणे अशा विषयांवर दीर्घकाळ काम केले आहे. ‘इस्मिर’ ही या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय परिषद २०२२ मध्ये बेंगळूरुत भरली. म्हणजे दार उघडे आहे. मात्र आपल्याकडे हे काम बहुधा एमटेक किंवा पीएचडीच्या पोटात होते. त्यामुळे अभियांत्रिकीची पदवी असलेल्यांना ते सोपे जाते. एमए संगीत झालेल्या विद्यार्थ्याला या प्रयोगशाळेत सहसा सरळ वाट नाही, आणि संगीत विभागात संगणक शिकवण्याची पुरेशी सोय नाही. दोन्ही घरे एकाच शहरात असली तरी त्यांचे येणेजाणे कमी आहे.

प्रवेशासाठी तयारी काय करावी?

अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकलेल्यांनी कानाची तयारी करावी. निदान एका परंपरेचे काही वर्षांचे शिक्षण असेल तर प्रबंधाचा प्रश्न स्वतःला सुचतो. संगीत शिकलेल्यांनी पायथन ही संगणकीय भाषा, बारावीपर्यंतचे गणित आणि ध्वनीच्या आलेखाची ओळख यांपासून सुरुवात करावी. सेर्रा आणि स्टॅनफर्डचे ज्युलियस स्मिथ यांनी संगीतासाठीच्या ध्वनिसंकेत प्रक्रियेवर तयार केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम त्यासाठी उपयोगी आहे. ‘ऑडॅसिटी’सारखी मोफत प्रणाली घरच्या संगणकावर चालते.

अर्जासोबत दाखवण्याजोगे स्वतःचे छोटे काम असेल तर गुणपत्रिकेला बळ मिळते. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याच्या जवारीत सुताचा धागा सरकवल्यावर उपस्वर कसे बदलतात, एकाच बंदिशीचा मुखडा दोन घराण्यांत कसा येतो, गावच्या देवळाच्या मंडपात भजनाचा आवाज किती वेळ घुमतो, हे सारे अभ्यासाचे विषय होऊ शकतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र तेथील कारागिरांचे ज्ञान बव्हंशी त्यांच्या हातांत आणि कानांतच आहे. ते नोंदवणे हेसुद्धा संशोधनच ठरेल.

चित्रपटध्वनीकडे जाणाऱ्यांनी चांगले चित्रपट डोळे मिटून ऐकण्याची सवय लावावी. फोनवर आवाज टिपून त्यांतून दोन-तीन मिनिटांची ध्वनिकथा रचणे, हा उत्तम सराव.

खर्च आणि नोकरीचे गणित कसे?

राज्यातील विद्यापीठांत एमए (संगीत) तुलनेने स्वस्त आहे. परदेशात ब्रिटन आणि अमेरिकेतील शुल्क व राहणीमान बरेच महाग, तर युरोपातील सरकारी विद्यापीठांत शुल्क तुलनेने कमी असते. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात राहण्याचा खर्च वाचतो, पण नोकरी शोधायला वेळही कमी मिळतो. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. ब्रिटनसाठीच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. कर्ज काढण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाचे माजी विद्यार्थी आज काय करतात, हे पाहणे हा सर्वांत भरवशाचा निकष.

नोकऱ्यांची नावे संगीताची नसतात, हेही समजून घ्यावे. ध्वनिसंकेतांचे तेच गणित बोलणे ओळखणाऱ्या प्रणाली, श्रवणयंत्रे, मोटारींतील ध्वनिव्यवस्था, गेम आणि संगीतसेवा पुरवणाऱ्या कंपन्यांत वापरले जाते. मराठी बोलीतील उच्चार यंत्राला कळावेत, यासाठीही हीच विद्या लागते. चित्रपटध्वनीत बहुतांश काम प्रकल्पागणिक मिळते. मासिक पगाराची खात्री हवी असणाऱ्यांना ते अवघड जाते.

एआयमुळे काय बदलले?

शब्द लिहिले की गाणे तयार करून देणाऱ्या सेवा आता कुणालाही वापरता येतात. अशा ‘सुनो’ आणि ‘युडिओ’ या सेवांवर जून २०२४ मध्ये बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी अमेरिकेत खटले भरले. परवानगीशिवाय गाणी वापरून यंत्राला शिकवले, हा त्यांचा आरोप होता. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची एआयद्वारे नक्कल करू देणाऱ्या मंचांना अंतरिम मनाई केली. आवाज कुणाचा, नक्कल कशी सिद्ध करायची, यंत्राला कोणती गाणी शिकवली होती, हे प्रश्न पुढेही न्यायालयांत येतील. कायदा आणि कान दोन्ही जाणणाऱ्या तज्ज्ञांची तेव्हा गरज पडेल.

त्याहून मोठा प्रश्न रोजच्या वापराचा आहे. लहान मुले आता फोनवरच्या अॅपसमोर गायन शिकतात आणि अॅप त्यांना गुण देते. ध्वनिमुद्रणात सूर दुरुस्त करणे हा स्टुडिओतील नित्याचा भाग झाला आहे. या साधनांतली फूटपट्टी कुणी आखली, यावर पुढच्या पिढीला काय ‘सुरात’ वाटेल हे ठरणार आहे. एखाद्या मुलीने गुरूकडून घेतलेला गंधार अॅपने वारंवार चूक ठरवला तर ती गुरूवर विश्वास ठेवील की गुणांवर?

ही फूटपट्टी बदलता येते, हे कॉम्पम्युझिकने दाखवले आहे. त्यासाठी संगीत विभागांत एखादा संगणकाचा तास आणि अभियांत्रिकी विभागांत एखादी गायनाची तालीम, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘गाणे की नोकरी’ या जुन्या प्रश्नात अडकण्याऐवजी आपल्या कानाला जे कळते ते यंत्राला समजेल अशा भाषेत सांगता येईल का, असे स्वतःला विचारावे. त्या दोन्ही भाषा येणाऱ्यांची जागा आज रिकामी आहे.